फुकट सॉफ्टवेअर, मोलाचा विश्वास: आरोग्य सॉफ्टवेअरच्या ओपन सोर्स समुदायात पहिलं पाऊल कसं टाकाल?



सेवा-व्यवसायावरचा व्हिडिओ झाल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतोय. "सर, माझं कॉम्प्युटरचं शिक्षण झालंय. आमच्या तालुक्यात सात-आठ हॉस्पिटलं आहेत, सगळीकडे अजून कागदी केस पेपर चालतात. ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणे. ते बसवून द्यायचा व्यवसाय करता येईल का?"

उत्तर आहे, हो, नक्की करता येईल. भांडवल कमी लागतं, गरज खरी आहे, आणि एकदा काम चांगलं झालं की गिऱ्हाईक सहसा सोडून जात नाही. पण एक अट आहे. सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी ते बनवणाऱ्या माणसांत जाऊन बसायचं. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक अनुभव

माझ्या एका जुन्या बॅचमधला मुलगा. हुशार, मेहनती, कोडिंग चांगलं यायचं. त्याने आरोग्याचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलला बसवून दिलं. डॉक्टरांनी जे जे सांगितलं ते थेट मूळ कोडमध्ये बदललं. वीस दिवसांत काम संपलं, पैसे मिळाले, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला होतो.

त्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन पेशंटची नोंद करताना एक सूचना यायची: "याच्याशी मिळतीजुळती ही माणसं आधीच नोंदलेली आहेत, एकदा बघा." काउंटरवरचा मुलगा म्हणाला, यात वेळ जातो. आपल्या पठ्ठ्याने ती सूचनाच काढून टाकली.

दीड वर्षाने एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. लग्नाआधी त्याच हॉस्पिटलमध्ये तिच्यावर उपचार झाले होते. पेनिसिलिनची अॅलर्जी आहे, हे तेव्हाच्या रेकॉर्डवर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण ते रेकॉर्ड माहेरच्या नावाने. आता ती आली सासरच्या नावाने. नाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं, आडनाव बदललेलं. काउंटरवर नवी नोंद झाली, नवं कोरं रेकॉर्ड उघडलं, अॅलर्जीचा रकाना रिकामा.

त्याच गटातलं इंजेक्शन लिहून दिलं गेलं होतं. देण्याआधी सिस्टरने सवयीने विचारलं, "ताई, आधी कधी इंजेक्शनने त्रास झालाय का?" मुलीच्या आईला आठवलं, म्हणून निभावलं.

त्या मुलाने मला हे स्वतःहून सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कापत होता. तो म्हणाला, "सर, कोड मला पूर्ण कळला होता. पण ती सूचना तिथे का ठेवली होती, हे मी कुणालाच विचारलं नाही."

आजचा सगळा धडा याच वाक्यात आहे. कोड फुकट मिळतो. पण एखादी गोष्ट तशी का केली, हे बऱ्याचदा माणसांनाच माहीत असतं. त्या माणसांचा जो गट, त्यालाच म्हणतात समुदाय.

हे सॉफ्टवेअर आलं कुठून?

एक खरं उदाहरण घेऊ: ओपनएमआरएस. एमआरएस म्हणजे मेडिकल रेकॉर्ड सिस्टीम, सोप्या भाषेत कॉम्प्युटरवरचा केस पेपर.

याची गोष्ट सुरू होते 2004 मध्ये. केनियातल्या एल्डोरेट शहराच्या परिसरात एचआयव्हीच्या पेशंटवर उपचार करणारा एक मोठा कार्यक्रम चालू होता. पेशंट झपाट्याने वाढत होते आणि तिथली जुनी, छोटी नोंद-प्रणाली पुरी पडेना. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटचे दोन डॉक्टर, बर्क मॅमलिन आणि पॉल बियॉन्डिच, मदतीला गेले. त्यांच्या लक्षात आलं की एका ठिकाणापुरतं सॉफ्टवेअर लिहून भागणार नाही, असाच प्रश्न अनेक देशांत आहे. मग पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था आणि दक्षिण आफ्रिकेतले लोकही सोबत आले. 2006 मध्ये एल्डोरेटमध्ये वापर सुरू झाला, त्याच वर्षी रवांडामध्येही.

मालाचं मूळ माहीत नसेल तर तो विकता येत नाही, म्हणून हा इतिहास सांगितला. हे सॉफ्टवेअर कुणी विकायला म्हणून बनवलेलं नाही, वीज जाते, इंटरनेट तुटतं, डॉक्टर कमी आणि रांग मोठी, अशा ठिकाणची अडचण सोडवायला बनवलेलं आहे. म्हणूनच ते आपल्या तालुक्याच्या हॉस्पिटलला कामाचं आहे.

आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे बाह्मनी. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था ग्रामीण लोकांसाठी हॉस्पिटल चालवते. थॉटवर्क्स या कंपनीच्या लोकांनी तिथली गरज बघून ते उभं केलं. गंमत म्हणजे त्यांनी सगळं नव्याने लिहिलं नाही. पेशंटच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस घेतलं, लॅबसाठी ओपनएलिस, बिल आणि स्टॉकसाठी ओडू, आणि हे सगळं एकत्र जोडलं. म्हणजे बाह्मनी बनवणारेसुद्धा आधी दुसऱ्या समुदायाच्या दारात गेले होते. आपण कोण लागून गेलो?

आतून हे कसं चालतं? एवढं तरी समजून घ्या

ओपनएमआरएसमध्ये चार शब्द कळले की अर्धी लढाई जिंकली.

पहिला शब्द पेशंट. दुसरा एन्काउंटर, म्हणजे पेशंटची एक भेट-तपासणी. तिसरा ऑब्झर्व्हेशन, म्हणजे त्या भेटीत नोंदवलेली एकेक गोष्ट: वजन किती, बीपी किती, ताप आहे का. चौथा आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द कन्सेप्ट. प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक ठरावीक उत्तर हे एका कोशात आधी नोंदवलेलं असतं, त्याला कन्सेप्ट डिक्शनरी म्हणतात.

याचा फायदा काय? समजा उद्या डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक गरोदर बाईचं हिमोग्लोबिन नोंदवायचंय." तर डेटाबेसची रचना बदलावी लागत नाही. कोशात एक शब्द घातला आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला की झालं. प्रोग्रामर नसलेला, पण वैद्यकीय कामाची माहिती असलेला माणूसही हे शिकू शकतो.

आणखी तीन गोष्टी बघा. एका माणसाची एकापेक्षा जास्त नावं ठेवता येतात. जन्मतारीख माहीत नसेल तर अंदाजे वय आहे अशी खूण करता येते. केस नंबरला तपास-अंक लावता येतो, म्हणजे टाइप करताना एक आकडा चुकला तर सिस्टीम तिथेच अडवते. माहेरचं-सासरचं नाव, "असेल साठ-पासष्ट" असं सांगितलेलं वय, घाईत चुकलेला नंबर. हे सगळे आपल्याच काउंटरवरचे प्रश्न आहेत ना? त्यांची उत्तरं आधीच तयार आहेत. आपल्या त्या मुलाचं उत्तरही तयार होतं. नोंदणीच्या वेळी माहेरचं नाव विचारायचं, त्या नावाने शोधायचं आणि सापडलेल्या रेकॉर्डवरच नवं नाव वाढवायचं.

मला कोडिंग येत नाही, मग मी जाऊ का?

जरूर जा. या समुदायात शिरायला पाच दारं आहेत.

पहिलं दार कोडिंगचं. ओपनएमआरएसचा मागचा भाग जावामध्ये आहे आणि नव्या पिढीचे स्क्रीन रिअॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये.

दुसरं दार टेस्टिंगचं. नवी आवृत्ती वापरून बघायची आणि कुठे अडतं ते नीट लिहून कळवायचं.

तिसरं दार भाषांतराचं. तुम्हाला चांगलं मराठी येतं, हे भांडवल आहे. पण शब्दकोश उघडून "निरीक्षण", "चकमक" असं लिहीत बसू नका. एन्काउंटरला "चकमक" म्हटलं तर सिस्टर हसेल आणि पुन्हा वहीकडे वळेल. काउंटरवर लोक काय बोलतात ते लिहा: केस पेपर, तपासणी, अॅडमिट, डिस्चार्ज कार्ड.

चौथं दार माहितीपत्रकांचं. सूचना वाचून इन्स्टॉल करताना तुम्ही जिथे अडकलात, तिथे पुढचा माणूसही अडकणार. ती सूचना दुरुस्त करून द्या. हे काम नवखाच सगळ्यात चांगलं करतो, कारण जुन्या लोकांना ती अडचण दिसेनाशी झालेली असते.

पाचवं दार अंमलबजावणीचं, म्हणजे प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये बसवून देणाऱ्यांचं. आपला व्यवसाय इथे आहे. पण माझा सल्ला असा की पहिल्या चारांपैकी एका दारातून आत या आणि मग पाचव्यात बसा.

पहिले 90 दिवस: हा घ्या आराखडा

दिवस 1 ते 15: बघा आणि ऐका. ऑनलाइन डेमो उघडा. स्वतःच पेशंट व्हा, स्वतःच काउंटर, स्वतःच डॉक्टर. नोंदणी करा, तपासणी लिहा, औषध द्या, डिस्चार्ज करा. रोज एक तास जुन्या चर्चा वाचा. कोण कशावर काम करतंय, कुठल्या प्रश्नाला लोक उत्साहाने उत्तर देतात, कुठल्याकडे दुर्लक्ष होतं, हे वहीत लिहा. नव्या बाजारपेठेत दुकान टाकण्याआधी आपण चार दिवस चौकात उभे राहतो, तसंच हे.

दिवस 16 ते 30: आपल्या मशीनवर बसवा. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा सूचना वाचत. दुसऱ्यांदा स्वतःच्या टिपणांवरून. तिसऱ्यांदा मुद्दाम मोडून आणि बॅकअपमधून परत उभं करून. बॅकअप घेता येतो पण परत उभा करता येत नाही, अशा माणसाने हॉस्पिटलची पायरी चढू नये.

दिवस 31 ते 60: एक छोटं काम पूर्ण करा. इथे "पूर्ण" या शब्दाखाली रेघ मारा. नवख्यांसाठी म्हणून खूण केलेली सोपी कामं असतात, त्यांना तिकीट म्हणतात. एक तिकीट निवडा, आपल्या नावावर घ्या आणि शेवटपर्यंत न्या. एका वेळी एकच. तुम्ही पाठवलेला बदल जुनी माणसं तपासतील, चुका दाखवतील, दोन-तीनदा परत पाठवतील. वाईट वाटून घेऊ नका. सोनार दागिना पुन्हा पुन्हा कसाला लावतो, तो गिऱ्हाईकाचा अपमान करण्यासाठी नाही. इथे तर शेवटी पेशंटचा जीव आहे.

ओपनएमआरएसमध्ये डेव्हलपरच्या पायऱ्यासुद्धा ठरवून दिल्या आहेत, अगदी नवख्यापासून पाचव्या पायरीपर्यंत. ती पायरी मिळते केलेल्या कामावर. पदवी कुठली, कॉलेज कुठलं, हे कुणी विचारत नाही. आपल्या गावाकडच्या मुलांसाठी ही केवढी मोठी संधी आहे, बघा!

दिवस 61 ते 90: एका हॉस्पिटलमध्ये जाऊन नुसतं बसा. विकायला जाऊ नका. डॉक्टरांची परवानगी घेऊन काउंटरजवळ, लॅबजवळ, मेडिकलजवळ बसा. कागद कुठून कुठे जातो ते बघा. गर्दीच्या वेळी काय गाळलं जातं? रात्रपाळीची सिस्टर कुठल्या वहीत लिहिते? पेशंटची खाजगी माहिती मात्र उतरवून घ्यायची नाही, फक्त कामाचा ओघ लिहायचा. मग हे निरीक्षण समुदायात मांडा: "आमच्याकडे काम असं चालतं, तुमच्या सिस्टीममध्ये हे कसं बसवाल?" जमिनीवरचं असं वर्णन घेऊन येणाऱ्याचं तिथे मनापासून स्वागत होतं.

प्रश्न विचारण्याची कला

खरं सांगू? सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथेच. दोन कारणं आहेत. एक इंग्रजीची भीती आणि दुसरं "मला येत नाही हे लोकांना कळेल" ही लाज.

इंग्रजीचं सोपं आहे. छोटी वाक्यं लिहा. केनिया, युगांडा, ब्राझील, भारत, सगळीकडची माणसं तिथे आहेत, अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. व्याकरण चुकलं तर कुणी हसत नाही. प्रश्न अर्धवट असला तर मात्र कुणी उत्तर देत नाही.

अर्धवट प्रश्न असा असतो: "सर, इन्स्टॉल होत नाही, अर्जंट मदत करा."

पूर्ण प्रश्न असा: "मी अमुक आवृत्ती अमुक ऑपरेटिंग सिस्टीमवर बसवतोय. सूचनांमधल्या चौथ्या पायरीपर्यंत सगळं ठीक झालं. पाचव्या पायरीला पेज उघडायला हवं होतं, त्याऐवजी हा संदेश आला. मी हे दोन उपाय करून बघितले, फरक पडला नाही. आता कुठे बघू?"

आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून बघितलं. या पाच गोष्टी लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर सापडतं. करून बघा.

आणखी तीन सवयी लावून घ्या.

एक, मोठ्या माणसाला खाजगी निरोप पाठवू नका. सगळ्यांसमोर विचारा, म्हणजे उत्तर दहा जणांच्या कामी येतं. अपवाद फक्त एक. सुरक्षेतली त्रुटी सापडली, जिच्यातून कुणी रेकॉर्ड चोरू शकेल, तर ती उघड लिहायची नाही. त्यासाठी ठरवून दिलेल्या खाजगी मार्गानेच कळवायची.

दोन, घड्याळ बघा. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इंडियानात सकाळचे साडेनऊ झालेले असतात. सकाळी विचारून दुपारी "कुणी उत्तर का देत नाही?" असं चिडू नका.

तीन, उत्तर मिळालं की "झालं, असं असं केल्यावर सुटलं" एवढं तरी लिहा. उत्तर घेऊन गायब होणाऱ्याला दुसऱ्यांदा उत्तर मिळायला वेळ लागतो. उधारी बुडवणाऱ्याला दुकानदार लक्षात ठेवतो, तसंच.

या तीन चुका करू नका

चूक 1: तिकीट घेऊन गप्प बसणं. उत्साहात काम आपल्या नावावर घेतलं, मग परीक्षा आली, लग्न आलं, पंधरा दिवस पत्ता नाही. दुसरा कुणी ते काम करू शकत नाही कारण नाव तुमचं लागलंय. जमत नसेल तर "मी सोडतोय, दुसऱ्याने घ्यावं" असं लिहा. यात कमीपणा काहीच नाही, गप्प राहिलात तर मात्र नाव खराब होतं.

चूक 2: मूळ कोडमध्ये हात घालणं. आपल्या त्या मुलाने हेच केलं. त्याचा दुसरा फटका असा बसला की पुढच्या वर्षी सुरक्षेची नवी आवृत्ती आली आणि त्याला ती घेताच येईना, कारण त्याचे बदल मूळ कोडात गुंतले होते. ओपनएमआरएस मॉड्यूलवर चालतं. तुमचं वेगळं काम वेगळ्या मॉड्यूलमध्ये किंवा सेटिंगमध्ये ठेवा. आणि एखादी अडचणीची गोष्ट काढून टाकण्याआधी एकदा विचारा: "ही इथे का आहे?"

चूक 3: खऱ्या पेशंटची माहिती बाहेर जाणं. अडचण दाखवायला स्क्रीनचा फोटो टाकला आणि त्यात पेशंटचं नाव, आजार, फोन नंबर. झालं! एका क्षणात तुमचा धंदा आणि हॉस्पिटलची अब्रू दोन्ही गेलं. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. पण कायद्याचं सोडा, आपल्या बहिणीचा केस पेपर कुणी असा टाकला तर? सराव, डेमो आणि प्रश्न, सगळीकडे खोटा डेटाच वापरायचा.

लायसन्स: फुकट म्हणजे नियम नाहीत, असं नाही

ओपनएमआरएसचं लायसन्स आहे मोझिला पब्लिक लायसन्स 2.0, सोबत आरोग्यसेवेबद्दलची एक जबाबदारीची सूचना. थोडक्यात, त्यांच्या फाइलमध्ये बदल करून ती दुसऱ्याला दिलीत तर त्या बदललेल्या फाइलचा कोड खुला ठेवावा लागतो. तुमचं वेगळं मॉड्यूल तुमचं राहू शकतं.

बाह्मनीचं लायसन्स एजीपीएल 3, ते जास्त कडक. त्यात बदल करून नेटवर्कवर लोकांना वापरायला दिलंत, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला कोड मिळण्याची सोय करावी लागते.

आणि लायसन्स कोडचं असतं, नावाचं नाही. प्रकल्पाचं नाव किंवा चिन्ह आपल्या कंपनीच्या पाटीवर चढवण्याआधी त्यांचे नियम वाचा. करार करताना वकिलाला दाखवा, त्या हजार-दोन हजारांत कंजुषी नको.

आता पैशाचं बोलू

सॉफ्टवेअर फुकट आहे, मग पैसे कशाचे घ्यायचे? बसवण्याचे, फॉर्म तयार करण्याचे, जुन्या नोंदी आत आणण्याचे, स्टाफला शिकवण्याचे आणि वर्षभर सांभाळण्याचे. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: "सॉफ्टवेअरचे पैसे घेत नाही, माझ्या कामाचे घेतो."

एक नमुना हिशोब मांडतो. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा एका छोट्या हॉस्पिटलला 45 दिवसांचं काम आहे आणि तुमचा दिवसाचा खर्च 2,000 रुपये. झाले 90,000. प्रवास आणि मुक्काम 15,000. एकूण 1,05,000. अनपेक्षित गोष्टींसाठी 20 टक्के, म्हणजे 21,000. खर्च झाला 1,26,000. त्यावर 25 टक्के नफा 31,500. कोटेशन 1,57,500 रुपयांचं. वर्षाची एएमसी 20 टक्के धरली तर 31,500.

आता नीट बघा. समुदायासाठी आठवड्याला दोन तास दिलेत तर वर्षाचे 104 तास, म्हणजे आठ तासांचे 13 दिवस. तुमच्याच दराने 26,000 रुपये. एका हॉस्पिटलच्या एएमसीतून ते वजा केले तर उरतात 5,500. "सर, मग परवडतंच कुठे?" एका हॉस्पिटलवर नाहीच परवडत! पण हॉस्पिटल एक असो की पाच, समुदायाचे तास साधारण तेवढेच राहतात. पाच हॉस्पिटलची एएमसी 1,57,500, समुदायाचा वेळ वजा केला तर 1,31,500. त्यातून प्रत्यक्ष भेटी आणि फोनवरच्या मदतीचा खर्च जाईल, तो वेगळा धरा. म्हणून पहिल्या वर्षी हा वेळ गुंतवणूक म्हणून लिहा आणि तीन-चार हॉस्पिटलचं लक्ष्य ठेवा.

हा वेळ वाचवावा असं वाटेल. वाचवू नका. नवी आवृत्ती कधी येतेय, कुठली त्रुटी सापडलीय, कुणी कुठला फॉर्म आधीच बनवलाय, हे तिथेच कळतं. रात्री अकराला सिस्टीम बंद पडली आणि तुम्ही प्रश्न टाकलात, तर "हा तो भाषांतर करणारा माणूस" म्हणून कुणीतरी थांबून बघेल, हा फायदा त्याच तासांतून येतो.

डॉक्टर एक गोष्ट हमखास विचारतील: "आभा जोडता येईल का?" आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर 27 सप्टेंबर 2021 ला सुरू झालं, त्यातला 14 आकडी आरोग्य खाते क्रमांक म्हणजे आभा. बाह्मनीच्या समुदायाने या जोडणीवर काम केलंय. पण त्यासाठी सरकारच्या चाचणी-व्यवस्थेतून टप्प्याटप्प्याने जावं लागतं. म्हणून "उद्या करून देतो" म्हणू नका. "समुदायात विचारून, तपासून सांगतो" असं म्हणा. डॉक्टरला खोटं आश्वासन चटकन ओळखू येतं, तो दिवसभर माणसंच तपासत असतो.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

त्याने धंदा सोडायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, सोड, पण आधी त्या हॉस्पिटलचं नीट करून दे. त्याने काढून टाकलेली सूचना परत बसवली, दुबार रेकॉर्ड शोधून डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकत्र केली. याचे पैसे घेतले नाहीत. मग समुदायात जाऊन सरळ लिहिलं: "मी ही चूक केली, आमच्याकडे लग्नानंतर बायकांचं पूर्ण नाव बदलतं, तुमच्याकडे हे कसं हाताळता?" त्याला वाटलं होतं लोक झाडतील. आले ते प्रश्न आणि सूचना. दुसऱ्या देशातल्या एकाने आपल्याकडेही असाच घोळ होतो म्हणून सांगितलं.

आज त्याच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये "माहेरचं नाव" हा रकाना वर आहे आणि काउंटरवरच्या मुलांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: आधी शोधा, मग नोंदवा. त्या डॉक्टरांनीच त्याला पुढचं काम मिळवून दिलं.

या आठवड्याचा गृहपाठ

1. डेमो उघडून एक खोटा पेशंट नोंदणीपासून डिस्चार्जपर्यंत न्या. जिथे अडलात ते लिहा.

2. घरातल्या किंवा ओळखीतल्या पाच बायकांना विचारा, त्यांची किती वेगवेगळ्या नावांनी कागदपत्रं आहेत. आकडा बघून थक्क व्हाल.

3. पाच दारांपैकी तुमचं दार कोणतं, ते एका ओळीत लिहा.

4. पाच गोष्टींचा नियम वापरून एक पूर्ण प्रश्न लिहा. मराठीत लिहिला तरी चालेल.

चौथा गृहपाठ व्हिडिओखाली टाका. निवडक प्रश्न घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण ते सोप्या इंग्रजीत कसे मांडायचे ते बघू. आणि कुणी तुमचा प्रश्न वाचून "एवढंही येत नाही का?" असं म्हणालं, तर त्या सिस्टरची आठवण ठेवा. तिलाही कुणी म्हणू शकलं असतं, रेकॉर्डवर सगळं आहे, विचारायचं कशाला? तिने विचारलं म्हणून सगळं निभावलं.

भेटू पुढच्या भागात. शिकत राहा, विचारत राहा!